शिक्क्याचं मटण

मी मटण सोडलं त्याला साठाहून जास्त वर्षं झाली. का सोडलं, याचं खरं उत्तर मी अजून कुणालाही दिलेलं नाही. लोक आपापलं उत्तर घेऊनच येतात. आमच्या सोसायटीत एक माळकरी बाई आहेत, त्या म्हणतात, "किती छान हो, तुमच्यात कुणी सोडत नाही म्हणतात." तुमच्यात. मी हसते आणि त्यांच्यापुढचा चहाचा कप जरा आपटून ठेवते. आमच्यातली तरुण पोरं म्हणतात, आजी पंचशील पाळतात. त्यांनाही मी मान हलवते. नातीला वाटतं, मला जनावरांची दया येते. ती स्वतः फोनवरून मागवते. पांढरा डबा येतो, वर ताणून बसवलेलं प्लास्टिक, त्यावर तारीख, नंबर, काय काय छापलेलं. एकदा न राहवून मी त्या प्लास्टिकवरूनच अंगठा दाबून बघितला. ती म्हणाली, "आजी, काय करतेयस? सगळं लिहिलंय ना त्यावर." मी हात मागे घेतला. लिहिलेल्यावर माझ्याइतका विश्वास कुणी ठेवला नसेल, हे तिला कसं सांगणार?

आता मी नव्वदीला टेकलेय. ज्यांना लागलं असतं ती माणसं राहिली नाहीत. तेव्हा सांगून टाकते.

लग्न होऊन मी परळच्या चाळीत आले तेव्हा सासूची खाणावळ होती. खाणावळ म्हणजे पाटी-बिटी काही नाही. आमचीच एक खोली, तिच्यात दोन शेगड्या, एक पाटा-वरवंटा आणि जर्मनची मोठाली पातेली. साताऱ्याकडची आमच्या समाजाची माणसं गिरणीत होती, बायकापोरं गावी, इथे दहा-दहा जण एका खोलीत पाळीने झोपणारे. त्यांतले नऊ जण आमच्याकडे जेवायचे. रोज भाकरी-आमटी, कधी सुकट, आणि रविवारी मटण. त्या रविवारसाठी ते आठवडाभर जगायचे म्हटलं तरी चालेल. सासूला मी आत्या म्हणायची. आत्या उंच, हाडापेराने दणकट, आणि मटणाला तिचा हात असा की शेजारच्या खोल्यांतली पोरं वासावर दारात येऊन उभी राहायची.

मी सातवी पास. आमच्या मजल्यावर तेव्हा तेवढं शिकलेली बाई दुसरी नव्हती आणि मी स्वतःला बॅरिस्टर समजत होते. संध्याकाळी गॅलरीत बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आज सभा, उद्या हरताळ, परवा मोर्चा. माझा नवराही त्यात गळ्यापर्यंत बुडालेला. मी बातम्या वाचायची, पुरुष ऐकायचे, मधूनच कुणीतरी "झालाच पाहिजे" म्हणायचं. मला वाटायचं, हे माझ्याकडे बघूनच म्हणतायत.

आणि आमची दीक्षा नवीन होती. घरातले देव मी माझ्या हाताने समुद्रात सोडून आले होते. आत्याही पांढरं लुगडं नेसून दीक्षेच्या मैदानात बसली होती, सगळ्यांबरोबर हात जोडून बावीस प्रतिज्ञा बोलली होती. घरी आल्यावर मी एक नियम केला. गावच्या जुन्या गोष्टी या घरात बोलायच्या नाहीत. कुठल्या गोष्टी, ते आत्याला बरोबर कळलं.

कुठल्या, ते इथे सांगायला हवं. गावात कुणाचं ढोर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमच्या माणसांवर लादलेलं होतं, आणि दुसरं काही मिळायचं नाही म्हणून तेच खायची पाळी यायची. ते ओढायचं नाही, ते खायचं नाही, असं आमच्या माणसांना केव्हाच सांगितलं गेलं होतं आणि आम्ही ते सोडलंही होतं. पण आत्याचं लहानपण त्यातच गेलेलं. तिच्या आईला गावात मान होता, तो यासाठी की मेलेलं जनावर खायचं की पुरायचं, हे ती ठरवायची. ती आधी मालकाला विचारायची, दोन दिवस काय खाल्लं, कुठे चरलं, कसं पडलं. मग अंगठा रुतवून बघायची, वास घ्यायची, रक्त बोटावर चोळायची. ती नाही म्हणाली की कितीही भूक असो, खड्डा खणायचा. तिच्या सबंध आयुष्यात तिच्या शब्दावर जेवलेलं एक माणूस दगावलं नाही, असं आत्या सांगायची. म्हणजे मी बोलू देत होते तोवर सांगायची. मला त्या गोष्टीची शिसारी यायची, आणि त्याहून जास्त भीती वाटायची की भिंतीपलीकडे कुणीतरी ऐकेल.

तर त्या आठवड्यात दोन दिवसांचा कडकडीत हरताळ झाला. बाजार बंद, गिरण्या बंद, रस्त्यावर दगड आणि लाठ्या. आमच्या नऊ जणांतला एक जण लाठी खाऊन आला. तिशीचा असेल, गिरणीत रुईच्या खात्यात होता, गावी बायको आणि एक लहान मुलगी. बोलायला भारी चावट. आत्याने त्याच्या पाठीवरच्या वळांना हळद लावली तेव्हा म्हणतो कसा, "मावशे, लगीन झालं तवाबी एवढी हळद लागली नव्हती." दोन दिवस सगळे पिठलं-भातावर होते. शनिवारपासूनच माझ्यामागे लागले, वहिनी, रविवार चुकवायचा नाही हां.

रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन निघाले. आमचा नेहमीचा खाटीक दुकानाच्या फळ्या लावून बसला होता. म्हणाला, माल आला नाही, बकरे कुठे अडकलेत कोण जाणे. मी परत फिरले तर नाक्यावर गर्दी दिसली. एक हातगाडी, तिच्यावर ओलं गोणपाट आणि गोणपाटाखाली मटण. माणूस ओळखीचा नव्हता. पण त्याने मांडीचा फरा उचलून दाखवला आणि त्यावर शिक्का होता, जांभळा, गोल. आतली अक्षरं इंग्रजी, तीही पसरलेली. मला ती वाचता येत नव्हती. पण शिक्का होता. शिक्का म्हणजे कुणीतरी शिकलेल्या माणसाने बघितलं, तपासलं आणि हो म्हणाला. आमच्यासारख्यांना तर असं वाटायचंच. गावात आमच्या बाजूने कुणी नव्हतं, इथे कायदा होता, कागद होता, शिक्का होता. मी रांगेत उभी राहिले आणि घेऊन आले.

आत्याने परातीत मटण ओतलं आणि तिचा हात थांबला.

"कुणाकडनं आणलंस?"

"नाक्यावर गाडी लागलीय."

तिने एका तुकड्यात अंगठा रुतवला आणि काढला. खळगा पडला तो तसाच राहिला. मग तो तुकडा नाकाशी नेला. हाडाजवळ काळपट रक्त होतं ते नखाने उकरलं आणि दोन बोटांत चोळलं. ती हे करत होती आणि माझं अंग तापत होतं. दार उघडं होतं. गॅलरीतून माणसं जात-येत होती.

"ह्याचं रगत भाईर आलेलं न्हाई," ती म्हणाली. "ह्ये कापून मेलेलं न्हाई. मेल्यावर कापलंय."

मी आधी दार लोटून घेतलं. मग जे बोलले ते शब्द मला आजही जसेच्या तसे पाठ आहेत. मी म्हणाले, "आत्या, त्यावर शिक्का आहे. तपासणाऱ्या साहेबापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? हात जोडून बावीस वेळा बोललात, पांढरं नेसलात, आणि अजून नाकातनं मढं जात नाही तुमच्या. गावचं नाक गावाला ठेवा."

तिने माझ्याकडे बघितलं. सासूच होती ती, दोन देऊ शकली असती मला. चाळीतल्या कुठल्याही सासूने दिल्या असत्या. पण मी तिच्या दीक्षेवरच मारलं होतं. "बरं," म्हणाली. हात राखेने घासून घासून धुतले, आणि दाराशी जाऊन तांदूळ निवडत बसली. त्या दिवशी मटण मी केलं.

दुपारी नऊ जण दोन पंगतींत बसले. मला तिसरा महिना होता, मटणाच्या नुसत्या वासाने पोटात ढवळायचं, म्हणून मी पदर नाकाला लावून वाढत होते. पाठीला हळद लावलेला तो म्हणाला, "वहिनी, आज हात तुमचा दिसतोय. मीठ जरा लाजलंय." सगळे हसले. मीही हसले. पण दोन दिवसांची भूक, मिठाचं कोण बघतो? तो चाटूनपुसून जेवला, आणि चेष्टा केली म्हणून की काय, मी त्याला आणखी एकदा वाढलं. दोनदा वाढलं त्याला मी. आत्या दारातच होती. पोटात बरं नाही म्हणाली, जेवली नाही. तांदूळ कधीच निवडून झाले होते, तरी ती सूप मांडीवर घेऊन त्यांच्या ताटांकडे बघत बसली होती.

नवरा सभेच्या कामाला गेला होता. त्याच्या वाटणीचं मी वाडग्यात काढून झाकून ठेवलं होतं. पातेली घासून आले तर वाडगा धुऊन पालथा घातलेला, आणि मोरीत रश्श्याचा तवंग. मला असा संताप आला.

"अन्न ओतलंत? स्वतःच्या मुलाचं?"

"सांडलं," ती म्हणाली.

मी तोंडातल्या तोंडात खूप बोलले. म्हातारीची खोड काही जात नाही, असंही बोलले.

दिवेलागणीच्या आधीच पहिली ओकारी ऐकू आली. मग दुसऱ्याची, तिसऱ्याची. नऊपैकी सहा जण आडवे झाले. पाच जण लिंबू-मीठ घेऊन, ओकून-हगून पहाटेपर्यंत जरा सावरले. ज्याला मी दोनदा वाढलं होतं, तो मात्र सकाळी उभाच राहीना. ओठ काळे पडले होते. माझ्या नवऱ्याने आणि दुसऱ्या एकाने त्याला झोळीत घालून इस्पितळात नेलं, मी मागोमाग गेले, कारण डॉक्टरशी बोलायला शिकलेलं माणूस हवं.

तिथे केसपेपर लिहिणाऱ्याने नाव, गाव विचारलं. मग जात विचारली. मी म्हणाले, बौद्ध. त्याने मान वर केली. "म्हणजे आधीचे?" तो जरासा हसला, आणि जे लिहायचं ते त्याने लिहिलं. बाकावरच्या बाईने आपलं लुगडं सावरून घेतलं. बस, एवढंच झालं. याहून वाईट आम्ही हजार वेळा बघितलेलं होतं. पण त्यानंतर लगेच डॉक्टर आला. तरुण होता, डोळे जागरणाने लाल, बोलायला चांगला. त्याने पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "काल काय जेवला?"

माझ्या जिभेवर ‘मटण’ आलं होतं. ते म्हटलं की तो विचारणार, कसलं मटण, कुठून आणलं. ताजं होतं का, कसं दिसत होतं. आणि मी काय सांगणार? माझी सासू म्हणाली ते मेलेल्याचं आहे? त्या केसपेपरवाल्याच्या समोर? दीक्षा घेऊन पुरतं वर्ष झालं नाही आणि बघा, खातातच, हे त्याच्या तोंडावर मला आधीच दिसत होतं.

"भात-आमटी," मी म्हणाले.

"पाठीवर हे वळ कसले?"

"लाठी लागलीय. मोर्च्यात."

"पोटालाही मार लागला असेल?"

"असेल," मी म्हणाले.

डॉक्टर मग त्या दिशेने गेला. आत काही फुटलंय का, रक्त साचलंय का, ते बघत राहिला. त्याची काय चूक? मी त्याला वाट दाखवली होती. मंगळवारी दुपारी आमचा माणूस गेला. मटण सांगितलं असतं तर तो जगला असता का, मला माहीत नाही. कुणी डॉक्टर मला हे सांगू शकला नाही, कारण मी कुठल्याच डॉक्टरला कधी विचारलं नाही.

चाळीत बातमी पोचली ती लाठीची. कुणी मुद्दाम केलं नाही. केसपेपरवर मार लिहिलेलं, पाठीवर वळ सगळ्यांनी बघितलेले. गर्दी जमली, हार आले, कुणीतरी जिन्याच्या पायरीवर उभं राहून भाषण केलं. प्रेतयात्रा गल्लीबाहेर पडली तेव्हा दोन्ही बाजूंच्या चाळींच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. आमच्यातल्या माणसाला सगळ्या जातींची माणसं खांदा देत होती, आणि तेही परळमध्ये. माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि अभिमानही होता. मी आत येऊन पाट्यावर डोकं टेकून बसले.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने उठून दार लावून घेतलं. मग म्हणाला, "आता बोलून काय? माणूस परत येणार आहे? आपली माणसं म्हणतील बाई खोटं बोलली. बाकीचे म्हणतील, सोडलं म्हणतात आणि खातातच. झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू दे." भिंतीकडे तोंड करून आत्या पडली होती. तिचा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता.

दोन दिवसांनी सकाळी ती मला म्हणाली, "चल." कुठे, ते सांगितलं नाही. त्या हातगाडीवाल्याचा माग तिने काढला होता. विचारत विचारत, त्याच्या गाडीच्या मागे मागे. चालत चालत आम्ही रेल्वेच्या यार्डापाशी आलो. तिथे जनावरांचे डबे रिकामे करत होते. आधी वास आला. मग एका डब्याचं दार सरकवलं गेलं आणि बकरे बाहेर यायला लागले. चालत कसले, कोसळत. कुठून कुठून, तीन-तीन, चार-चार दिवसांवरून आलेले, पाणी नाही, चारा नाही, आणि डब्यात एवढे कोंबलेले की बसायला जागा नाही. जो बसला त्याच्या अंगावर बाकीचे उभे. एक बकरी जिवंत होती, तिच्या मानेवर दुसरीचा पाय होता, आणि ती डोळे उघडे ठेवून तशीच पडली होती. ओरडत नव्हती. मी गावात बकरं कापताना बघितलं होतं, त्याला मी कधी बिचकले नाही. हे मात्र मला बघवेना आणि नजरही काढता येईना.

मेलेल्यांना पाय धरून ओढलं आणि एका बाजूला रचलं. ढीग मोठा होता. थोड्या वेळाने तो हातगाडीवाला आला आणि त्यातले निवडून गोणपाटाखाली भरून घेऊन गेला. कुणी त्याला हटकलं नाही. आम्ही मागून गेलो. यार्डाच्या भिंतीपलीकडे ताडपत्रीचा आडोसा होता. तिथे बसून तो भराभरा सोलत होता, काम करणारा हात होता त्याचा. एक सोलून झाला की सिगारेटच्या डब्यातून लाकडी मुठीचा शिक्का काढायचा, त्याला तोंडाची वाफ द्यायचा आणि फऱ्यावर दाबायचा. साहेब नाही, तपासणी नाही. कुठल्यातरी गल्लीत बनवून घेतलेला शिक्का. मी ज्यावर विश्वास ठेवला होता ते हे.

त्याने आम्हाला बघितलं. "क्या बाई? इधर नहीं मिलेगा, नाक्यावर या," म्हणाला, आणि परत कामाला लागला.

परतताना आत्या वाटेत एका पायरीवर बसली. म्हणाली, "आमच्या गावात बैल मेला तर कुणाचा, कशानं, समदं ठावं असायचं. मालक रडायचा. आमीबी रडायचो आन् खायचो. लाज वाटायची, पर ठावं असायचं. ह्यांचं कोन हाय गं? आन् खानाऱ्यास्नी तरी ठावं हाय का, काय खात्यात त्ये?" मला पोलीस आठवले. त्या काळात आमच्या भागात पोलिसांच्या दारात कुणी जात नव्हतं, चळवळीतल्या गोळीबाराची आठवण ताजी होती. पण मी पोलिसांकडे गेले नाही ते काही त्यामुळे नाही. गेले असते तर ते आधी विचारणार, तुम्हाला कसं कळलं हे मेलेल्याचं?

रविवारी गाडी परत नाक्यावर होती. पुढे रांग होती, ओळखीच्या बायका होत्या. मी तिघींना म्हणाले, त्याच्याकडून घेऊ नका. का, म्हणाल्या. मी म्हणाले, वजनात मारतो. एक तेवढ्यावर परतली. दोघी उभ्या राहिल्या, म्हणाल्या, सगळेच मारतात, बाई. त्या गाडीवरचं खाऊन आणखी कोण कुठे आजारी पडलं, कुणाचं मूल गेलं, मला माहीत नाही. त्या पावसाळ्यात आमच्या भागात पोटाने माणसं गेली. दरवर्षीच जायची. मी प्रत्येक तिरडीकडे बघून मनात हिशेब मांडायची, आणि अजून मांडते.

गेलेल्या माणसाची बायको महिन्याभराने आली. तार गेली होती, पण मुलगी तापाने आजारी, शिवाय तिकिटाला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढून तिला आणवलं. चाळीत तिचा सत्कार झाला, साडी दिली, नवरा महाराष्ट्रासाठी गेला असं चार जण बोलले. ती मान खाली घालून बसली होती. पुढे गावी त्याच्या नावाची पाटी लागली, अजूनही असेल. तिने गावात दुसरं काही सांगितलं नाही, हे मला मागाहून कळलं. का सांगितलं नाही, तेही मी समजू शकते.

सत्कार झाल्यावर ती आमच्या खोलीत आली. तो इथे जेवायचा म्हणून तिला खोली बघायची होती. कुठे बसायचा, ते आत्याने दाखवलं. तिथेच ती बसली. मी चहा ठेवला. तिने जमिनीवरून हात फिरवला आणि विचारलं, "शेवटचं काय जेवलं?"

डॉक्टरनेही हेच विचारलं होतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "भात-आमटी."

तिचे डोळे भरले. "दोन दिस हरताळात उपाशी हुतं म्हनं. आन् शेवटचं कोरडाच भात," म्हणाली. "एवढं मुंबईत ऱ्हाऊन."

"मटान जेवला," आत्या म्हणाली.

मी वळून बघितलं. आत्या भिंतीला टेकून ताठ बसली होती. तिने सगळं सांगितलं. गाडी, शिक्का, अंगठा, रक्त, यार्ड, काही ठेवलं नाही. फक्त मी तिला काय बोलले होते, तेवढं एक सांगितलं नाही. मटण मी आणलं हेही म्हणाली नाही, "घरात आलं" म्हणाली. "मला कळालं हुतं, बाई. मी बोलले न्हाई," म्हणाली.

चहा उकळून उतू गेला तरी मी उठले नाही. त्या बाईने ओरडावं, आत्याच्या झिंज्या धराव्यात, खाली जाऊन सगळ्या चाळीला सांगावं, असं मला वाटत होतं. तिने तसलं काही केलं नाही. तिने हळूच विचारलं, "तुमी जेवला हुता?"

"न्हाई," आत्या म्हणाली.

"तुमचा ल्योक?"

आत्याने लुगड्याचा पदर मुठीत धरला. मग म्हणाली, "त्याचं मी मोरीत वतलं."

त्या बाईने मोरीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळली. "आन् तू?"

"नाही," मी म्हणाले.

"म्हंजे घरात ठावं हुतं," ती म्हणाली. उठली, सत्कारात दिलेली साडी काखेत घेतली आणि चहा न घेता निघून गेली.

मला मळमळत होतं, मला दिवस होते, म्हणून मी खाल्लं नव्हतं. हे खरं होतं, आणि जिन्यापर्यंत धावत जाऊन मी ते तिला सांगू शकले असते. पण मग ती विचारणार होती, तुला ठावं नव्हतं? आणि मला सांगितलेलं होतं.